म्हशीची २२ पानं

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आठवणींची अकरावी वही संपवली त्या दिवशी मला बँकेत असताना फोन आला. "झालं बघ. आता छापून आण." म्हणजे जसं काही गिरणीतून दळणच आणायचंय.

अकरावी वही म्हणायचं आपलं, सगळ्या वह्या नव्हत्याच त्या. सात दोनशेपानी वह्या, दोन एलआयसीच्या डायऱ्या, आणि उरलेले दोन गठ्ठे म्हणजे शाळेतले पाठकोरे कागद, टाचणी लावून एकत्र केलेले. अण्णा जिल्हा परिषदेचे मास्तर, २००२ ला रिटायर झाले, पण पाठकोरा कागद टाकायचा नाही ही सवय काही रिटायर झाली नाही. त्यामुळे एका बाजूला त्यांचं बालपण आणि मागच्या बाजूला सहामाहीची गणिताची प्रश्नपत्रिका असं ते सगळं होतं.

मोठ्या घराण्यांचे कुलवृत्तांत असतात, जाडजूड, सोनेरी अक्षरांचे, मूळ पुरुष अमुक साली अमुक गावी आला वगैरे. आमच्यात तसलं काही नाही. आमची वंशावळ हेळव्याकडे. तो बैलावर बसून यायचा, दारात उभा राहून पाच-सात पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायचा, धान्य घ्यायचा आणि जायचा. अण्णांचं म्हणणं असं की हेळव्याकडं फक्त नावं असतात, आणि नावातनं माणूस कळत नाही. शिवाय गावच राहिलं नाही. कोयनेच्या खोऱ्यातलं आमचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा अण्णा सोळा वर्षांचे होते. आता तिथं शिवसागर आहे. मे महिन्यात पाणी खूपच उतरलं तर जोती दिसतात म्हणे. मी एकदा गेले होते, मला नुसता चिखल दिसला, अण्णांना मात्र कुठं पडवी, कुठं गोठा ते सगळं दिसत होतं.

तर छापायचं.

आधी टाइप करायला पाहिजे. टायपिंगवाल्यानं पानाला तीस रुपये सांगितले आणि अण्णांचं अक्षर बघून पस्तीस केले (अण्णांना हे सांगितलं नाही, मास्तरचं अक्षर आहे ते!). मग मी स्वस्तातला मार्ग काढला. दर शनिवार-रविवार कराडला जायचं, अण्णांनी वही वाचायची आणि फोनच्या व्हॉइस टायपिंगनं लिहून घ्यायचं. पहिल्या तासात वीस पानं झाली, मी खूश, आणि मग वाचायला घेतलं तर पूर्णविराम नावाची गोष्टच नाही, सगळं एकच वाक्य, आणि फोनला आमची बोली कळत नव्हती. इरलं म्हटलं की विरलं, कणगीचं कंगवी, आणि नाचणी-वरीची कुमरीची, म्हणजे झाडोरा जाळून करायची, शेती होती आमची तर त्या कुमरीची प्रत्येक वेळी कुमारी. अण्णा एवढे हसले की ठसका लागला. "कुमारीची शेती म्हण की आता."

फोन नुसता चुकत नव्हता, तो सुधारत पण होता, आणि त्याचा मला जास्त राग यायचा. आजीच्या तोंडचं "म्या न्हाय येनार" हे तो गुपचूप "मी नाही येणार" करायचा, म्हणजे आजीला पुण्यात आणून सदाशिव पेठेत खोली घेऊन दिल्यासारखं. ती वाक्यं शेवटी हातानंच टाइप केली. पाच महिने लागले. एक लाख साठ हजार शब्द.

मग पुण्यातल्या एका स्वयंप्रकाशनवाल्यांकडे गेले. ऑफिस झकास, कॉफी दिली. कमीत कमी ३०० प्रती, पॅकेज ९५ हजार, त्यात "आयएसबीएन फ्री". आता आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकारची राजा राममोहन राय एजन्सी कुणालाही फुकटच देते, आणि मुळात दुकानात विकायचंच नसेल तर तो लागतही नाही, घरच्या लग्नाच्या अल्बमला कोणी आयएसबीएन घेतं का. पण ते सोडा. त्यांच्या संपादकांनी पीडीएफ चाळून सांगितलं, मॅडम, मजकूर चांगला आहे पण २५० पानांत बसवा. काय कापायचं तर त्यांनी लगेच बोट ठेवलं. "हे म्हशीचं प्रकरण. बावीस पानं आहेत. भूकंपाला फक्त चार!"

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारनंतर कोयनेचा भूकंप झाला तेव्हा अण्णा नवे मास्तर होते आणि तिथंच जवळ खोली घेऊन राहत होते. भिंत कशी पडली, अंधारात कोण कोणाला हाका मारत होतं, हे सगळं चार पानांत उरकलंय. ७७-७८ चा सरकारी नोकरांचा ५४ दिवसांचा संप, वाण्यानं उधारी बंद केली, आईनं डोरलं गहाण टाकलं, त्याला सहा पानं. आणि एका म्हशीला बावीस. तिचं नाव चांदी, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून.

मी घरी येऊन हळूच विषय काढला, अण्णा, पानं वाढली की खर्च वाढतो हो, थोडं म्हशीचं कमी केलं तर. अण्णा काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "किती वाढतो? हिशोब करून सांग."

मास्तरांनी घातलेलं गणित, सोडवायलाच पाहिजे. तर त्या गणितापायी मी पुढचे दोन महिने अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या बोळांतनं हिंडले, आणि जे कळलं ते असं.

ऑफसेट छपाईत पुस्तक फर्म्यात मोजतात. डेमी साइजला साधारण सोळा पानांचा एक फर्मा, त्याच्या आठ-आठ पानांच्या दोन प्लेटा. आमची पानं भरत होती ५९९, म्हणजे ३८ फर्मे, म्हणजे ७६ प्लेटा. या प्लेटांचा खर्च तुम्ही दहा प्रती काढा नाहीतर हजार काढा, तेवढाच. म्हणून प्रेसवाला ३०० च्या खाली बोलतच नाही, आणि तो लुबाडत नसतो, त्याचं गणितच तसं असतं. पण आमची माणसं किती? मोजली. मुंबईतले चुलते आणि त्यांची मुलं (दोघं चुलते माथाडी कामगार, मस्जिद बंदरला आयुष्य गेलं), रायगडात पुनर्वसन झालेली आक्का आणि तिचा गोतावळा, आम्ही तीन भावंडं, मामाकडचे, अण्णांचे हयात असलेले दोन मित्र. पंचवीस. ३०० प्रती छापल्या असत्या तर २७५ प्रती आमच्या माळ्यावर वाळवीनं वाचल्या असत्या.

मग डिजिटल. पीडीएफ द्या, एक प्रत सुद्धा छापून मिळते. एक नमुना मागवला, तीन-चार दिवसांत घरी आला, कव्हर गुळगुळीत, आत कागद पांढराशुभ्र, मला तर फार आवडला. अण्णांनी हातात घेतला, वास घेतला, मधोमध उघडला आणि मांडीवर ठेवून तळहातानं दाबला. कट्‌ असा आवाज आला आणि दोन पानं सुटून हातात आली.

"हे पुस्तक नाही. हे पॅड आहे."

आता इथं थोडं सांगायला पाहिजे. बाजारात ज्याला परफेक्ट बाइंडिंग म्हणतात त्यात पुस्तकाची पाठ कापून सगळी पानं सुटी करतात आणि गरम गोंदानं कव्हरला चिकटवतात. दीडशे-दोनशे पानांना चालतं. सहाशे पानांचं पुस्तक पूर्ण उघडायला गेलात की पाठीवर सगळा ताण येतो आणि वाळलेला गोंद तडकतो. अण्णांना हे कुणी सांगायची गरज नव्हती, कारण शाळेत दर जूनमध्ये जुन्या पुस्तकांची बांधणी ते स्वतः करायचे. आम्ही पोरं मदतीला. आई पिठाची खळ शिजवायची, त्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर किडे-झुरळं पुस्तक खातात, आणि मग निळसर झालेल्या त्या खळीला हात लावायचा नाही म्हणून दम. दाभणानं भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा ओवायचा. सात-आठ वर्षांची असताना मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी जून महिन्यात असा वास येतो.

अण्णांची अट एकच होती. पुस्तक मांडीवर ठेवल्यावर पोथीसारखं पसरून राहिलं पाहिजे, हातानं धरून ठेवायला लागता कामा नये. ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांचे हात कापतात.

जुजबंदी करणारा बाइंडर शोधायला वेळ लागला. जुज म्हणजे एकात एक घातलेल्या घडीच्या कागदांचा गठ्ठा, असे जुज दोऱ्यानं एकमेकांना शिवायचे ती जुजबंदी. नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली एक काका सापडले, वय सत्तरच्या पुढं, कामं मुख्यतः वकिलांची, कॉलेजच्या थिसिसची, आणि दुकानदारांच्या रोजमेळ-खतावण्या. एकेकाळी छापखान्यात खिळे जुळवायचे, ते काम गेलं मग बाइंडिंगला लागले. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं की ए फोर कागदावर दोन्ही बाजूंनी छापून, मधोमध घडी घालून, चार-चार कागदांचे जुज करून आणते, तुम्ही शिवा. काकांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि उभा फाडला. सरळ फाटला. मग आडवा फाडला. वेडावाकडा, दातरे पडल्यासारखा.

"ताई, बांबू उभा चिरतो, आडवा चिरतो का?"

कागदालाही तसंच असतं. त्यातले तंतू एका दिशेनं असतात, प्रेसची माणसं त्याला ग्रेन म्हणतात. बाजारातल्या झेरॉक्सच्या ए फोरचा ग्रेन साधारणपणे लांबीच्या बाजूनं असतो, आणि आपण पुस्तकासाठी घडी घालतो ती त्याला आडवी. म्हणून असं पुस्तक ताठरतं, पानं उलटत नाहीत, उभी राहतात, आणि पावसाळ्यात पाठ लाटांसारखी होते. काका म्हणाले, ए थ्री घ्या, लांबीच्या ग्रेनचा, आणि छापून झाला की मधोमध कापा. कापल्यावर जो ए फोर निघतो त्याचा ग्रेन बरोबर घडीच्या बाजूनं येतो. घरी जाऊन मी अण्णांना हे फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, हो, भाकरीच्या पिठाला पण तसंच असतं. कसं ते मला अजून कळलेलं नाही.

मग ए थ्रीवर दोन प्रती शेजारी शेजारी छापायच्या असं झेरॉक्सवाल्या पोरानंच सुचवलं, कापलं की दोन गठ्ठे, दोन पुस्तकं. फक्त प्रती सम संख्येत पाहिजेत. म्हणून २५ च्या २६ झाल्या.

अक्षराचं वेगळंच रामायण. एका डीटीपीवाल्यानं सांगितलं की फाइल श्रीलिपीत, म्हणजे जुन्या मराठी फाँटमध्ये, पाहिजे, त्याच्याकडे पेजमेकर होतं आणि त्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोडची, म्हणजे फोनवर टाइप होते ती, मराठी कळत नाही. दुसऱ्याकडे इनडिझाइन होतं पण त्यात सेटिंग चुकीचं, सगळी जोडाक्षरं फुटलेली. शेवटी घरीच लिब्रेऑफिसमध्ये पानं लावली, फुकट. टिरो देवनागरी मराठी नावाचा एक फाँट आहे, तोही फुकट, आणि त्यातला ल आपला मराठी ल आहे, दोन पाकळ्यांचा. आधीच्या फाँटमध्ये हिंदीसारखा दंडवाला ल होता तर अण्णांनी पहिल्या प्रूफावर प्रत्येक ल ला लाल गोल केला होता, प्रत्येक, एका पानावर साठ-सत्तर. मी म्हटलं चालतं हो, सगळीकडे तसाच असतो. "सगळीकडं चुकलं म्हणून चुकायचं?" २०२२ ला सरकारनं ल आणि श कसे लिहायचे याचा जीआर काढला तेव्हा अण्णांनी तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी नोकरीला लागल्यापासून साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शिकवले, आधी १९६२ चे चौदा आणि मग १९७२ चे आणखी चार. तर माझी काय बिशाद. तीन प्रुफं झाली. सगळ्यात भारी चूक तिसऱ्यात सापडली, धाकट्या चुलत्याच्या लग्नाच्या वर्णनात "आचार्यांना भात कमी पडल्याचं कळताच ते पळून गेले". त्या लग्नाला कुणी आचार्य आले नव्हते, आचाऱ्यांना असं पाहिजे होतं. हा अर्धा र नीट पडला नाही तर मराठीत माणसाची जात, धंदा, इभ्रत सगळं बदलतं.

फोटो पानापानांत पेरायचे नाहीत हा सल्ला काकांचाच. फोटोंची आठ पानं वेगळी, रंगीत, आर्ट पेपरवर, मधे एकदाच शिवायची. तीनशे डीपीआयला स्कॅन केले. आजोबांचा फोटो नाहीच. त्यांच्या नावाचं पान आम्ही ठेवलं आणि त्यावर पुनर्वसनाच्या नोटिशीची प्रत छापली, तिच्यावर त्यांचा अंगठा आहे.

पानांची मांडणी म्हणजे १ ते १६ एक जुज, १७ ते ३२ दुसरा, प्रत्येकाची बुकलेट वेगळी काढायची, असं ३८ वेळा. दोन रात्री गेल्या. एकोणिसाव्या जुजाला मी एक पान उलटं टाकलं होतं ते छापायच्या आधी अर्धा तास लक्षात आलं, नाहीतर सव्वीस पुस्तकांत आजी उलटी मेली असती.

आणि हिशोब. कागद ए थ्री चार रीम, २४०० रुपये. छपाई १९७६ कागद दोन्ही बाजूंनी, बाजूला एक रुपया वीस पैसे, ४७४२. फोटोंची पानं १०४०. बांधणी १९० रुपये एक, पुठ्ठा आणि कापडासकट, पंचवीसचे ४७५०. सगळे मिळून १२,९३२. प्रत पाचशेच्या आत. हे मी वहीत मांडून कराडला नेलं, आणि खाली अण्णांनी विचारलेलं मूळ गणित: म्हशीच्या बावीस पानांचे प्रतीमागे दहा रुपये, सव्वीस प्रतींचे २६० रुपये.

अण्णांनी वहीवर बरोबरची खूण केली. "तेवढं दूध दिलंय तिनं."

टाइप करताना, तीन प्रुफं वाचताना मी ती बावीस पानं चारदा वाचली असतील, आणि चौथ्यांदा माझ्या लक्षात आलं की ५९९ पानांत विस्थापन हा शब्द एकदाही नाही. धरणाविषयी तक्रार नाही, सरकारला शिवी नाही. फक्त चांदी आहे. नव्या गावाला आणून बांधली तर तिनं दावं तोडलं आणि घाट चढून जुन्या गावाला गेली. अण्णा सोळा वर्षांचे, तिला शोधत तीन दिवस चालत. गावात माणूस नाही, घरांची कौलं काढून नेलेली, आणि ही आपल्या गोठ्यात, गुडघाभर पाण्यात, गव्हाणीकडं तोंड करून उभी. आणलं परत. पुन्हा गेली. दुसऱ्या वेळी पाणी पोटापर्यंत. एवढंच आहे त्यात, पण ते बावीस पानं आहे, कारण त्या वाटेवर जे जे दिसलं ते सगळं लिहिलंय, कुठला आंबा कुणाचा, कुठल्या वळणावर कुणाची पायरी. संपादकांचं बरोबर होतं, पुस्तकाच्या दृष्टीनं ते लांबलंय. पण ते पुस्तक दुकानात जायचं नव्हतं.

पंचवीस प्रती काकांनी शिवल्या. हातोडीनं पाठ ठोकून गोलसर केली, जाळीचं कापड लावलं, वर गडद निळं कापड, सोनेरी अक्षरं नकोत म्हटलं, नुसती कागदाची चिठ्ठी. सव्विसाव्या प्रतीचे सुटे जुज अण्णांनी मागून घेतले. आईनं खळ केली. माझी मुलगी इंजिनीअरिंगला आहे, तिला दाभण धरायला लावलं. अण्णांचे हात कापत असल्यामुळं टाके तिरके आलेत, आणि कापड म्हणून आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आहे. ते पुस्तक कुणाला देत नाहीत, आणि खरं सांगू का, काकांच्यापेक्षा ते जास्त सपाट उघडतं.

शेवटच्या फर्म्यात ५९९ नंतर नऊ पानं कोरी राहत होती. काका म्हणाले कापून टाकू, झेरॉक्सवाला म्हणाला जाहिरात टाका. अण्णा म्हणाले, राहू दे, कुणाला काही लिहायचं असेल तर लिहील. पाठकोरा न टाकणारा माणूस, पुढून मागून दोन्हीकडून कोरा कागद काय टाकणार.

दिवाळीत रायगडाहून आक्काची प्रत परत आली. परत म्हणजे तिच्या नातवानं आणून दिली, अण्णांना बघायला सांगितलंय म्हणे. आक्का अण्णांपेक्षा सहा वर्षांनी मोठी, शाळेत गेली नाही, नातू रोज रात्री तिला दोन-तीन पानं वाचून दाखवत होता. मागच्या कोऱ्या पानांपैकी साडेतीन पानं भरली होती, नातवाच्या अक्षरात, तिनं सांगितलेलं. कुणाचं लग्न कुठल्या साली नव्हतं, आंबा पाटलांचा नव्हता आमचाच होता, आणि मग खाली:

"पान २१४. चांदी माझी होती. आईनं मला आंदण दिलेली. तू ती आणायला गेला नव्हतास, तू तापानं पडला होतास. दोन्ही वेळा मी गेले. मी तुला येऊन सांगितलं ते तू लिहिलंस. म्हैशीच्या गळ्यात घंटा नव्हती, ती मी पहिल्या दिवशीच काढून घेतली होती."

अण्णांनी ते उभ्यानंच वाचलं. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. नातू माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. बराच वेळ झाल्यावर अण्णांनी खिशातला लाल पेन काढला, टोपण उघडलं, आणि "म्हैशीच्या" वर रेघ मारून बाजूला "म्हशीच्या" लिहिलं.

बाकी काही खोडलं नाही.